झिलईखालचे फूल

चिनी सेलाडॉनबद्दलचे एक मत आता इतके मुरले आहे की ते केवळ मत आहे, याचाच विसर पडला आहे. हिरव्या झिलईची ही भांडी सोंग राजवटीत कळसाला पोचली, कारण तेव्हाच्या कुंभारांनी रंग आणि आकार यांपलीकडे काही मागितले नाही. पुढे युआन आणि मिंग काळात त्यांच्या अंगावर कमळे, पिओनी आणि फुलांच्या वेली चढल्या आणि उतरण लागली, असे ते मत. थोडक्यात, फूल आले आणि अभिरुची गेली. पुस्तकांच्या प्रस्तावनांत, लिलावांच्या सूचिपत्रांत, संग्रहालयांतल्या पाट्यांवर ते निरनिराळ्या शब्दांत भेटत राहते. मला ते चूक वाटते. भांड्यांकडे नीट पाहिले तरी ते टिकत नाही आणि कागदोपत्री पुरावा तपासला तरी टिकत नाही.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात वक्त्यांनी पडद्यावर दोन चित्रे शेजारी-शेजारी लावली. डावीकडे दक्षिण सोंग काळातली, निळसर हिरवी, नक्षी नसलेली लांब मानेची सुरई. उजवीकडे युआन काळातली, अंगभर पिओनीची वेल मिरवणारी फुलदाणी. फरक वेगळा सांगायला नकोच, असे म्हणून ते पुढे गेले. सभागृहाने मान डोलावली, मीही डोलावली. घरी आल्यावर लक्षात आले की त्या दोन चित्रांतून काहीच सिद्ध झालेले नव्हते. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या आणि निकाल आम्ही आधीच मनात घेऊन बसलो होतो.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्याचे म्हणणे असे. सेलाडॉनचा आदर्श जेड, म्हणजे चिनी मनाला सोन्याहून मोलाचा वाटणारा हिरवा दगड. जेडचे सौंदर्य त्याच्या अंगच्या मऊ, खोल तेजात असते. तसे तेज झिलईत साधल्यावर वर नक्षी करणे म्हणजे शांत पाण्यात खडा टाकणे. शिवाय इतिहासाचा क्रमही हेच सांगतो: आधी निराभरण भांडी, मग नक्षीदार. नक्षी वाढली त्याच काळात ही भांडी जहाजे भरभरून इराण, तुर्कस्तान, आग्नेय आशियात जाऊ लागली. म्हणजे ही फुले परक्या गिऱ्हाइकाच्या आवडीची. आणि शेवटचा, सर्वांत बोचरा आरोप असा की झिलईचा कस उतरला, तो झाकायला कुंभाराने फुलांचा आधार घेतला.

हे मत आले कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. मिंग आणि छिंग काळातल्या संग्राहकांनी सोंगच्या पाच थोर भट्ट्यांची नामावळी रूढ केली: रू, क्वान, ग, तिंग आणि च्युन. फुलांच्या कोरीव कामासाठी नावाजलेली उत्तरेची याओझोऊ तीत नाही आणि दक्षिणेची लोंगच्युआनही नाही. जपानमध्ये चहाविधीच्या परंपरेने लोंगच्युआनच्या भांड्यांना तीन नावे दिली. निळसर हिरवी, बहुधा साधी, ती किनुता. युआन आणि मिंगच्या आरंभीची, पुष्कळदा फुलांची, ती तेन्र्यूजी. त्यानंतरची ती शिचिकान. ही नावे ओळखीसाठी होती, पण हळूहळू तीच प्रतवारी झाली. मग विसाव्या शतकात युरोपात अलंकारालाच दोष मानणारे वारे वाहू लागले. 1935-36च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत चिनी कलेचे प्रचंड प्रदर्शन भरले, चिनी सरकारने राजवाड्यातल्या वस्तू पाठवल्या, आणि सोंगची साधी भांडी पाहून तिथल्या रसिकांना आपल्याच नव्या आदर्शाची जुनी साक्ष मिळाल्यासारखे झाले. 1940 साली आलेल्या बर्नार्ड लीच यांच्या कुंभारकामावरील पुस्तकाने सोंगचा मानदंड जगभरच्या कुंभारांपुढे ठेवला. लीच यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एका काळाची भूक दुसऱ्या काळाच्या ताटावरून मोजता येत नाही.

आधी त्या पाच नावांचेच बघा. त्यांतली तिंग भट्टी प्रसिद्ध आहे ती पांढऱ्या अंगावर कोरलेल्या आणि साच्याने उठवलेल्या कमळांसाठी आणि पिओनींसाठी. फूल असणे हाच उणेपणा असता तर तिंगला त्या पंगतीत पान मिळाले नसते. म्हणजे ज्यांच्या नामावळीचा दाखला दिला जातो, त्यांना स्वतःला फुलाचे वावडे नव्हते.

आता मूळ मुद्दा, झिलईचा. सेलाडॉनची झिलई म्हणजे राख, चुना आणि दळलेला दगड यांचे पाण्यात कालवलेले लेपण. त्यात लोखंडाचा अंश शेकडा एक ते तीन इतकाच. भट्टी बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली आणि आत हवा कमी पडू दिली, धुरकट ज्योत ठेवली, की त्या लोखंडातला प्राणवायू कमी होतो आणि ते पिवळ्या-तांबूस रंगाऐवजी हिरवा रंग देते. हवा जास्त झाली तर तेच भांडे मोहरीच्या रंगाचे बाहेर पडते. हा हिरवा रंग वरून फासलेला नसतो, तो काचेच्या थरात विरघळलेला असतो. विहिरीचे पाणी ओंजळीत घेतले तर त्याला रंग नसतो, काठावरून वाकून पाहिले तर हिरवे दिसते, तसेच इथे: थर जितका खोल, तितका रंग गडद.

या झिलईखालच्या मातीत एक रेघ कोरा. भाजताना पातळ झालेली झिलई त्या रेघेत उतरते, साचते, आणि रेघ आजूबाजूपेक्षा गडद दिसते. उंचवटा केलात तर झिलई त्याच्यावरून ओघळून पातळ होते आणि तिथे रंग फिका पडतो. रंग एकच, कुंचला कुठेही नाही, आणि तरी छायाप्रकाश तयार. पृष्ठभागाला काही कमीजास्त खोली असल्याशिवाय या झिलईच्या अंगी असलेला हा गुण दिसतच नाही. सपाट भांड्यावर तिचा एकच स्वर ऐकू येतो; कोरलेल्या भांड्यावर ती त्याच स्वराच्या श्रुती दाखवते.

याओझोऊची एखादी वाटी जवळून पाहा. शानशी प्रांतात, आजच्या थोंगछुआन शहरापाशी ह्वांगबाओ गावात या भट्ट्या होत्या, आणि अकराव्या शतकात तिथे लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळत. वाटी वितीएवढी, तळाकडे निमुळती, रंग शेवाळी. आतल्या बाजूला एक पिओनी. कारागिराने पाते सरळ न धरता तिरके धरले आहे, त्यामुळे प्रत्येक रेघेची एक कड उभी आणि खोल, दुसरी उताराची. उभ्या कडेशी झिलई दाट साचून जवळजवळ काळपट झाली आहे. उतारावर ती विरळ होत होत शेजारच्या पाकळीत मिसळते. प्रत्येक पाकळी मागच्या पाकळीवर रेललेली वाटते ती या एका युक्तीने. मग बारीक दातांची फणी घेऊन पाकळ्यांवर शिरा ओढल्या आहेत, एका दमात, कुठेही हात न अडखळता. अर्धवट वाळलेल्या मातीत रेघ एकदा उमटली की पुन्हा घेता येत नाही. वाटी दिव्याखाली तिरकी धरली तर फूल उमलल्यासारखे वर येते, सरळ धरली तर पुन्हा हिरव्यात बुडते. झिलई काढून टाका, फूल म्हणजे चार ओरखडे उरतील. फूल काढून टाका, झिलई म्हणजे एक हिरवा लेप उरेल.

आपल्याकडे काव्यशास्त्रात हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. अलंकार अंगाबाहेरचा दागिना की काव्याच्याच घडणीतला, या वादात नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'अपृथग्यत्ननिर्वर्त्य' अशी कसोटी लावली: रस साधताना वेगळा खटाटोप न करता जो आपोआप साधतो, तो खरा अलंकार. याओझोऊचे फूल या कसोटीला पूर्ण उतरते. ते कोरण्याचा यत्न आणि झिलईला खोली देण्याचा यत्न हे दोन नाहीतच. नक्षीने रसभंग होतो असे म्हणणारा, वरून रंगवलेल्या नक्षीबद्दलचे बोलणे झिलईखालच्या नक्षीला लावतो आहे.

पूर्वपक्षाकडे याओझोऊविरुद्ध एक मोठा साक्षीदार आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही. दक्षिण सोंग काळातला थोर कवी लू यो याने आपल्या टिपणांत याओझोऊची हिरवी भांडी फार ओबडधोबड असल्याचे म्हटले आहे; ती दणकट म्हणून खाणावळवाले वापरतात, एवढेच त्याचे म्हणणे. पण साक्ष तपासली पाहिजे. लू योचा जन्म 1125चा. सोंगची उत्तरेतली राजधानी 1127 साली जुर्चेन आक्रमकांच्या हाती पडली आणि याओझोऊही पुढे त्यांच्याच मुलखात गेले. त्या भट्ट्यांचा भर ओसरला तेव्हा तो पाळण्यात होता. याउलट 1080च्या सुमारास पुऱ्या झालेल्या साम्राज्याच्या भूगोल-नोंदीत याओझोऊने दरबारला भेट म्हणून पाठवायच्या वस्तूंत पन्नास भांडी लिहिलेली आहेत. 1084चा एक शिलालेखही आहे. भट्ट्यांचे रक्षण करणाऱ्या तिथल्या डोंगराच्या देवतेला सम्राटाने सरदारकी बहाल केल्याचे आणि तिथल्या कुंभारकामाचे वर्णन त्यावर आहे. ज्या भांड्यांसाठी दरबार देवाला पदवी देतो, ती केवळ खाणावळीची नसतात. आणि लू योने तक्रार केली ती ओबडधोबडपणाची. फुलांबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. तो आपण त्याच्या तोंडी घातला.

मग दक्षिण सोंगची साधी भांडी साधी का? पूर्वपक्ष म्हणतो, अभिरुचीच्या उंचीमुळे. माझे म्हणणे असे की त्यात झिलईचाच मोठा हात आहे. बाराव्या-तेराव्या शतकात लोंगच्युआनच्या भट्ट्यांतल्या आणि हांगझोऊच्या क्वान या राजभट्ट्यांतल्या कुंभारांनी झिलईतला चुना कमी करून पोटॅशसारख्या क्षारांचे प्रमाण वाढवले. अशी झिलई भट्टीत घट्ट राहते, ओघळत नाही. त्यामुळे भांडे आधी एकदा कच्चे भाजून त्यावर थरावर थर देता येऊ लागले. क्वानच्या काही भांड्यांत तर झिलईचा थर आतल्या मातीच्या भिंतीइतका, कधी तिच्याहून जाड असतो. आत अडकलेले असंख्य सूक्ष्म बुडबुडे प्रकाश फोडतात आणि जेडचे ते दुधाळ तेज येते. पण अशा झिलईखाली बारीक कोरीव काम करून उपयोग नाही. ते सायीखाली गेल्यासारखे दिसेनासे होते. कुंभाराने फूल सोडले, कारण नव्या झिलईत ते दिसणार नव्हते.

आणि तरी त्याने ते पूर्ण सोडले नाही. दक्षिण सोंगच्या लोंगच्युआन वाट्या पाहा: बाहेरून एकावर एक चढलेल्या कमळपाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक उभा कणा. जाड झिलई त्या कण्यावरून सरकते आणि तिथे पांढुरकी, धाग्यासारखी रेघ उमटते. उत्तरेत पातळ झिलई खोलगट जागी साचून फूल काढत होती, इथे जाड झिलई उंचवट्यावर विरून फूल काढते. रीत नेमकी उलटी, हेतू तोच. कुंभाराने आपल्या द्रव्याशी इतकी सूक्ष्म ओळख करून घेतली होती, ही गोष्ट 'नक्षी की साधेपणा' या भांडणात हरवून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

क्वानच्या भांड्यांना मी कमी लेखत नाही. पुरातन कांस्यपात्रांचे आकार घेऊन, त्यांच्यावरची सगळी नक्षी वगळून, फक्त झिलईवर उभी राहिलेली ती भांडी जगातल्या सर्वोत्तम वस्तूंत मोडतात. पण त्यांच्या अंगावरच्या तड्यांच्या जाळ्याला काय म्हणाल? झिलई आणि माती निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत म्हणून तडे जातात. कुंभाराने तो दोष पुसला नाही, जोपासला. ती नक्षीच आहे.

राहिली रू. निराभरणाच्या पक्षाची ही सर्वांत भक्कम गढी. वारशाने आलेली रूची भांडी साऱ्या जगात शंभराच्या आत आहेत, आणि 2017 साली हाँगकाँगच्या लिलावात ब्रश धुण्याची एक लहानशी साधी वाटी 29 कोटी 43 लाख हाँगकाँग डॉलरना गेली. पण तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात रूचे जे गरम पाण्याचे पात्र आहे, मद्याची सुरई आत ठेवून कोमट राखायचे, ते मी या गढीच्या दाराशी ठेवतो. त्याच्यावर एकही रेघ कोरलेली नाही, कारण ते अख्खे पात्रच दहा पाकळ्यांचे उमललेले कमळ आहे. निराभरण म्हणून ज्याची पूजा होते, ते स्वतःच फूल आहे.

जपानचेही तसेच. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातला 'बाकोहान' हा चहाचा वाडगा किनुता सेलाडॉनचा मुकुटमणी मानतात. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाकडे असताना त्याला चीर गेली. असाच दुसरा द्या म्हणून तो चीनला पाठवला, तर मिंग चीनमध्ये आता असा होत नाही म्हणून धातूच्या चिमट्यांनी सांधून तोच परत आला, अशी कथा आहे. ते चिमटे टोळासारखे दिसतात म्हणून हे नाव. साधेपणाची महती सांगताना हा वाडगा नेहमी पुढे केला जातो. पण त्याच्या काठाला सहा खाचा आहेत, अंग सहा पाकळ्यांत विभागले आहे, आणि संग्रहालयातल्या त्याच्या अधिकृत नावातच 'फुलाच्या काठाचा' हे शब्द आहेत.

सोंगच्या मागे गेलो तरी फूल भेटतेच. 1987 साली फामेन मठाच्या मनोऱ्याखालच्या तळघरात, 874 सालच्या यादी कोरलेल्या शिळेसह, यूए भट्टीची 'गुप्त रंगाची' सेलाडॉन भांडी सापडली. त्यांतल्या थाळ्यांचे काठ पाच पाकळ्यांचे आहेत. दहाव्या शतकातला, सूझोऊच्या टेकडीवरच्या मनोऱ्यात मिळालेला त्याच जातीचा वाडगा आणि त्याची बैठक तर पाकळ्यांनी मढवलेली आहे, बोटभरही जागा मोकळी नाही. तेव्हा 'आधी साधे, मग फुलांचे' हा क्रम मुळातच खरा नाही.

युआन काळातही तो टिकत नाही, आणि इथे पुरावा समुद्रातून वर आला आहे. 1975 साली कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात चिनी भांडी आली. पुढच्या वर्षापासून 1984पर्यंत पाणबुड्यांनी तिथले बुडालेले जहाज उपसले. आजच्या निंगबो बंदरातून जपानला निघालेले हे जहाज. मालाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर 1323 साल आहे आणि क्योतोच्या तोफुकुजी मठाचे नावही. वीस हजारांवर भांडी निघाली, त्यांत निम्म्याहून अधिक सेलाडॉन, बहुतेक लोंगच्युआनचे. आणि त्यात किनुता म्हणावी अशी, मानेला माशांचे कान असलेली साधी सुरई आहे, तशीच अंगावर उठावाची पिओनी असलेली फुलदाणीही आहे. एकाच जहाजात, एकाच साली, एकाच देशातल्या खरेदीदारांसाठी. व्याख्यानातल्या पडद्यावर ज्यांना दोन युगे म्हणून दाखवले होते, ती इथे एकाच मालात आली.

परक्या गिऱ्हाइकाचा आरोप घेऊ. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात साडेतेराशेच्या आसपास चिनी सेलाडॉन आहेत आणि त्यांत फुलांच्या मोठमोठ्या थाळ्या पुष्कळ, हे खरे. पण ब्रिटिश म्युझियमच्या 95 क्रमांकाच्या दालनात, सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहात, लोंगच्युआनची एक उंच फुलदाणी आहे. अंगावर फुलांची वेल; तोंडाच्या काठावर कोरलेला लेख 1327 सालचा. ती कुणा सुलतानासाठी केलेली नाही. त्याच भागातल्या बौद्ध मठाच्या सभामंडपात पूजेसाठी ठेवायला केलेली ती अर्पणवस्तू आहे. म्हणजे आपल्याच गावकऱ्यांच्या देवापुढे ठेवायला जे सर्वोत्तम, ते कुंभाराने फुलांनी भरले. त्या दालनात मी तिच्याभोवती बराच वेळ फिरलो. लक्षात राहिला तो झिलईचा उतार: वेलीच्या देठापाशी ती काठोकाठ साचलेली, आणि पाकळीच्या टोकाला इतकी पातळ की खालची फिकट माती जाणवावी.

मिंग दरबाराचा पुरावा तर याहून थेट आहे. मिंग राजवटीच्या कायदे-नियमांच्या संग्रहात 1393 सालची एक तरतूद आहे: राजवाड्यासाठी लागणारी भांडी राओझोऊ आणि छूझोऊ इथल्या भट्ट्यांत करून घ्यावीत. राओझोऊ म्हणजे जिंगदेझेन, आणि छूझोऊ म्हणजे लोंगच्युआनचा परिसर. 2006-07मध्ये लोंगच्युआनच्या दायाओ भागातल्या फंगदोंगयान या जागी उत्खनन झाले तेव्हा त्या राजमागणीच्या भांड्यांच्या खापऱ्या हाती आल्या. त्यांवरचे कोरलेले कमळ, पिओनी, फळांच्या डहाळ्या हे सगळे जिंगदेझेनच्या निळ्या-पांढऱ्या राजभांड्यांवरच्या नमुन्यांशी जुळते. नमुना वरून येत होता; एका ठिकाणी तो निळ्या रंगाने काढत, दुसऱ्या ठिकाणी पात्याने कोरत. ज्याला बाजारू नक्षी म्हणून हिणवले, ती सम्राटाच्या मुदपाकखान्याची निघाली. 2009 साली तैपेईच्या राजप्रासाद संग्रहालयाने केवळ मिंगच्या लोंगच्युआनचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तरी हा प्रश्न मिटायला हवा होता.

फूल हे दोष झाकण्यासाठी, या आरोपाला कारागिराच्या बाजूने साधे उत्तर आहे. झिलईचे दोष भट्टीत उद्भवतात: कुठे ती ओढली जाते, कुठे बुडबुडा फुटतो, कुठे ज्योत लागून रंग पिवळा पडतो. कोरीव काम त्याच्या कितीतरी आधी, ओल्या-सुक्या मातीत उरकलेले असते. पुढे कोणता दोष कुठे येणार हे ठाऊक नसताना तो झाकायला फूल कोरणार कसे? उलट कोरलेल्या भांड्यात जोखीम अधिक. पाते जरा खोल गेले की भिंत चिरते, आणि झिलई मनासारखी वितळली नाही तर महिन्याभराच्या कामातले फूल मातीमोल होते. मिंगच्या आरंभीच्या थाळ्या दोन हातांनी उचलाव्या लागतील एवढ्या मोठ्या आहेत. तेवढी सपाट थाळी भट्टीत न वाकता काढणे हेच अवघड, आणि तिच्यावर काठापासून मध्यापर्यंत वेल अखंड फिरवायची, हे ज्याचा हात उतरला आहे त्याचे काम नव्हे.

फूल म्हणजे शोभेची भरती, हाही समज त्या काळाला लावता येत नाही. अकराव्या शतकात लुओयांगच्या पिओनींवर ओउयांग श्यूसारख्या मुत्सद्दी साहित्यिकाने स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि झोऊ दुन्यी या तत्त्वज्ञाने एका छोट्या लेखात शेवंतीला विरक्ताचे, पिओनीला श्रीमंताचे आणि चिखलातून वर येऊनही न मळणाऱ्या कमळाला सज्जनाचे फूल ठरवले. वाटीतून चहा पिणाऱ्या विद्वानाला तळातले कमळ कोणती गोष्ट सांगत होते, हे त्याला नेमके कळत होते.

एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. मिंगच्या उत्तरार्धातले लोंगच्युआन खरोखर पडते आहे. झिलई पातळ आणि काचेसारखी झाली, पात्याची जागा ठशाने घेतली, आणि ठशातले फूल झिजत झिजत ओळखू येईना. पण याचे कारण फूल नव्हते. 1433नंतर मोठ्या सागरी मोहिमा थांबल्या, खासगी समुद्रव्यापारावर बंदी होती, निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी बाजार काबीज केला. आणि 1464 साली नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाच्या फर्मानाने राओझोऊ आणि छूझोऊ इथले राजवाड्यासाठीचे काम थांबवून अधिकाऱ्यांना परत बोलावले. जिंगदेझेनला ती मागणी पुन्हा मिळाली, लोंगच्युआनला तसा आधार उरला नाही. गिऱ्हाईक आणि पैसा गेल्यावर झिलईही गेली आणि फूलही गेले. दोघांच्या मरणाचे खापर एकावर फोडणे हा अन्याय आहे.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: सेलाडॉनमध्ये साधे आणि फुलांचे अशा दोन अभिरुची एकामागून एक आल्या नाहीत. झिलई पातळ होती तेव्हा फूल कोरले गेले, जाड झाली तेव्हा ते आकारात गेले, आणि पुन्हा पारदर्शक झाली तेव्हा पुन्हा पृष्ठावर आले. प्रतवारी लावायचीच तर हात कसा चालला आहे आणि झिलई कशी बसली आहे यावर लावा.

संग्रहालयांना एक विनंती. या भांड्यांच्या पाट्यांवरचा 'ऱ्हासकाळ' हा शब्द काढावा, आणि दिवा डोक्यावरून न सोडता बाजूने सोडावा. सरळ उजेडात कोरलेले फूल मरते. वाचकांनाही सांगणे आहे. असे भांडे समोर आले तर एका जागी उभे राहून पुढे जाऊ नका. गुडघ्यात थोडे वाका, डोळा काठाच्या पातळीला आणा, आणि डावीकडून उजवीकडे दोन पावले टाका. झिलई कुठे गडद होते ते बघा. तिथे पात्याची खोल कड आहे.